वणावरची मलमं पेरोनीच्या गाठीला का लागू पडत नाहीत, आणि काय लागू पडतं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन वर्षांपूर्वी पोटाच्या शस्त्रक्रियेचा वण लाल, जाड आणि टणक झाला होता. सिलिकॉनची पट्टी आणि वणात दिलेली स्टिरॉइडची इंजेक्शनं यांनी तो हळूहळू बसला. आता सात महिन्यांपासून ताठरतेच्या वेळी लिंग वरच्या बाजूला वाकतं, दुखतं, आणि वरच्या अंगाला मधोमध कडक पट्ट्यासारखं काहीतरी हाताला लागतं. तपासणीत पेरोनीचा आजार निघाला आणि ‘आत वण तयार झालाय’ असं तुम्हाला सांगण्यात आलं. मग वणच असेल, तर वणाचे उपचार इथे का करायचे नाहीत?

तुमचा तर्क चुकीचा नाही. गेल्या सत्तर वर्षांत मूत्रविकारतज्ज्ञांनीही नेमका हाच विचार केला आणि त्वचेवरच्या वणाची औषधं एकेक करून या आजारात वापरून पाहिली. त्यातली काही टिकली, बरीचशी गळली. जी गळली त्यांच्यामागे बहुतेक वेळा एकच कारण होतं: औषध आणि गाठ यांची गाठच पडत नव्हती. हे नीट समजलं की बाजारातल्या निम्म्या जाहिरातींपासून तुमची सुटका होईल, म्हणून आधी जागा समजून घेऊ.

लिंगाच्या आत लांबीभर दोन नळकांडी असतात, स्पंजासारख्या ऊतींची. ताठरतेच्या वेळी त्यांत रक्त भरतं. त्यांच्याभोवती एक चिवट, लवचीक वेष्टण असतं, त्याला ट्युनिका अल्ब्युजिनिया म्हणतात. ते जेमतेम दीड-दोन मिलिमीटर जाडीचं असतं, पण काम मोठं करतं: रक्त भरताना ताणलं जातं, एका मर्यादेनंतर घट्ट होतं आणि रक्त बाहेर नेणाऱ्या बारीक शिरा दाबून धरतं. पेरोनीत या वेष्टणाच्या एका भागात वण तयार होतो. बाकीचं वेष्टण ताणलं जातं, तेवढा भाग ताणला जात नाही, आणि लिंग त्या बाजूला वळतं. फुग्याला एका बाजूने चिकटपट्टी लावून तो फुगवला तर तो पट्टीच्या बाजूला वाकतो, तसंच हे.

आता या वेष्टणावर काय काय आहे ते पाहा. सगळ्यात वर त्वचा. तिच्याखाली सैल ऊतींचा थर, ज्यामुळे त्वचा मागेपुढे सहज सरकते. त्याखाली बक्स फॅशिया नावाचं दणकट आवरण. आणि त्या आवरणाच्या आत, वरच्या बाजूला, ट्युनिकाला अगदी चिकटून, संवेदना नेणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या. बहुतेकांची गाठ वरच्याच बाजूला असते. म्हणजे तुम्ही जे मलम वरून लावाल, त्याला त्वचा, सैल थर, आवरण आणि नसांचं जाळं एवढं सगळं ओलांडून मग गाठीपर्यंत पोचायचं आहे. पोटावरचा तुमचा वण खुद्द त्वचेतच होता. दोन्हींना वण म्हणत असलो तरी एक अंगणात आहे आणि दुसरा तळघरात.

सिलिकॉनच्या पट्टीचं उदाहरण घ्या, कारण तिनेच तुम्हाला गुण आला. सिलिकॉन स्वतः त्वचेत शिरत नाही. ती पट्टी त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातून होणारं बाष्पीभवन कमी करते, तो थर ओलसर राहतो, आणि त्या थरातल्या पेशी खालच्या तंतुपेशींना कोलॅजन, म्हणजे वण ज्याचा बनतो ते तंतुमय प्रथिन, बनवणं कमी करण्याचे रासायनिक संकेत देतात. सगळा खेळ त्वचेची वरची पेशी आणि तिच्या लगत खालची पेशी यांच्यातल्या संवादाचा आहे. ट्युनिकावर अशी त्वचेची पेशीच नाही. तिथे ओलावा राखायला काही नाही आणि संकेत द्यायला कोणी नाही. म्हणून ती पट्टी दिवसाचे बारा तास लावा की चोवीस, गाठीला तिचा पत्ताच लागणार नाही.

‘पट्टी नाही तर निदान औषधी मलम तरी?’ असं विचारणारे पुष्कळ असतात. याचं उत्तर नुसत्या तर्कावर सोडलेलं नाही. व्हेरापामिल हे मुळात रक्तदाबाचं औषध. त्याचं जेल पेरोनीसाठी बराच काळ विकलं गेलं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांच्यावर लिंगात कृत्रिम रोपण बसवण्याची शस्त्रक्रिया व्हायचीच होती अशा पुरुषांना आधी हे जेल लावायला दिलं, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी ट्युनिकाचा छोटासा तुकडा तपासला. एकाच्याही तुकड्यात व्हेरापामिल सापडलं नाही. अभ्यास छोटा होता, पण प्रश्न सरळ होता आणि उत्तरही सरळ आलं. तेव्हापासून कोणी जेलची नळी घेऊन आलं की मी हा अभ्यास सांगतो. त्या माणसाने त्यावर पैसे आणि त्याहून वाईट म्हणजे महिने घालवलेले असतात, आणि या आजारात महिने फार मोलाचे असतात. ते का, ते पुढे येईलच.

व्हिटॅमिन ई बद्दलही सांगायला हवं, कारण ते दोन्हीकडे तितकंच लोकप्रिय आहे. पेरोनीसाठी ते १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून दिलं जातंय, कारण स्वस्त आणि निरुपद्रवी वाटतं. अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात की पेरोनीसाठी ते देऊ नये. आणि गंमत वाटेल, पण ज्या त्वचेवरून ही कल्पना आली तिथेही ते सिद्ध झालेलं नाही. १९९९ सालच्या एका छोट्या अभ्यासात शस्त्रक्रियेच्या वणाच्या अर्ध्या भागावर साधं मलम आणि अर्ध्या भागावर व्हिटॅमिन ई मिसळलेलं मलम लावलं. बहुतेकांच्या वणात व्हिटॅमिन ई मुळे काहीच फायदा दिसला नाही, आणि साधारण तिघांतल्या एकाला त्वचेवर पुरळ उठलं. लिंगाच्या पातळ त्वचेवर असं पुरळ उठलं तर काय हाल होतात ते मी पाहिलेलं आहे.

आता इंजेक्शनांकडे येतो. सुई मात्र अंतर ओलांडते. औषध थेट गाठीत सोडता येतं, त्यामुळे ‘पोचत नाही’ हा आक्षेप इथे संपतो आणि ‘पोचून काय करतं’ हा खरा प्रश्न सुरू होतो.

तुम्हाला ज्याने गुण आला ते स्टिरॉइड या आजारात १९५० च्या दशकापासून वापरलं गेलं. त्वचेच्या जाड वणात ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड आजही पहिल्या फळीचं औषध आहे. पेरोनीत मात्र तुलनात्मक चाचणीत खाऱ्या पाण्याच्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनापेक्षा स्टिरॉइड सरस ठरलं नाही, आणि त्याची किंमत मोजावी लागते ती वेगळीच. स्टिरॉइड ऊती पातळ करतं. त्वचेचा उंचवटा पातळ झाला तर तेच तर हवं असतं. ट्युनिका पातळ झाली तर ज्या वेष्टणाने दाब धरून ठेवायचा तेच कमजोर होतं. शिवाय पुढे शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर थर एकमेकांना चिकटलेले मिळतात आणि नसा सोडवून घेणं अवघड होतं. अशा रुग्णावर शस्त्रक्रिया करताना आधीच्या इंजेक्शनांचा राग येतो, हे मी मोकळेपणाने सांगतो. तुमच्या पोटावर ते उत्तम चाललं म्हणून इथेही तेच मागू नका.

व्हेरापामिलची गोष्ट अधिक रंजक आहे. तंतुपेशींना कोलॅजन बाहेर टाकण्यासाठी कॅल्शियम लागतं. व्हेरापामिल ते अडवतं आणि साठलेलं कोलॅजन तोडणाऱ्या विकरांचं (एन्झाइमांचं) काम वाढवतं, असं प्रयोगशाळेत दिसलं. १९९४ या एकाच वर्षी भाजल्याच्या वणात आणि पेरोनीच्या गाठीत व्हेरापामिलची इंजेक्शनं दिल्याचे अहवाल वेगवेगळ्या शोधपत्रिकांत आले. त्वचा आणि ट्युनिका यांच्या अभ्यासकांनी एकमेकांचं किती वाचलं होतं ते यावरून कळतं. पुढच्या चाचण्यांचे निकाल मात्र संमिश्र आले. काहींत बाक थोडा कमी झाला, काहींत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनाइतकाच परिणाम दिसला. मार्गदर्शक सूचनांत त्याला ‘देता येईल’ एवढीच जागा आहे. अपाय फारसा नाही, अपेक्षाही माफक ठेवावी.

इंटरफेरॉन हेही केलॉइडच्या, म्हणजे मूळ जखमेबाहेर वाढत जाणाऱ्या जाड वणाच्या, उपचारातून परिचित झालेलं औषध. पेरोनीत त्याची एक चांगली तुलनात्मक चाचणी २००६ साली प्रसिद्ध झाली. दर दोन आठवड्यांनी एक याप्रमाणे बारा आठवडे इंजेक्शनं दिली तेव्हा बाक सरासरी साडेतेरा अंशांनी कमी झाला. खाऱ्या पाण्याच्या गटात तो साडेचार अंशांनी कमी झाला. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस फ्लूसारखी अंगदुखी आणि ताप येतो, हे आधी माहीत असावं.

ज्याला खास या आजारासाठी अमेरिकेच्या औषध नियामकाची मान्यता मिळाली ते औषध आहे कोलॅजिनेज. जिवाणूपासून मिळवलेलं हे विकर कोलॅजनचे तंतू तोडतं. त्याचा रस्ता त्वचेतून आला नाही, तळहातातून आला. हातात डुपुइट्रेन नावाचा आजार होतो, तळव्यातले पट्टे आखडून बोटं वाकतात. पेरोनी असलेल्या पुष्कळ पुरुषांना हाच त्रास हातालाही असतो, म्हणून आम्ही कमरेखालची तपासणी झाली की तळहातही पाहतो. कोलॅजिनेजला २०१० साली हातासाठी आणि डिसेंबर २०१३ मध्ये पेरोनीसाठी मान्यता मिळाली. आठशेहून अधिक पुरुषांच्या दोन चाचण्यांत बाक सरासरी ३४ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १७ अंशांनी, कमी झाला. नुसत्या खोट्या इंजेक्शनच्या गटात तो १८ टक्क्यांनी कमी झाला होता. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. फायदा खरा आहे. पण साठ अंशांचा बाक सरासरीने चाळीसच्या आसपास येतो, शून्यावर येत नाही. सूज आणि काळंनिळं होणं जवळजवळ प्रत्येकाला होतं. क्वचित, साधारण दोनशेत एकाला, वेष्टणच फाटण्याइतका गंभीर अपाय झाला. म्हणून इंजेक्शनांनंतर संबंध ठेवण्यावर काही आठवडे कडक बंदी असते. हे औषध अनेक देशांत मिळत नाही. युरोपातून ते कंपनीने व्यावसायिक कारणांनी काढून घेतलं. खालच्या बाजूची, मूत्रनळीजवळची गाठ असेल किंवा गाठीत कॅल्शियम साठून ती दगडासारखी झाली असेल तर ते योग्य नाही. तुमचा बाक वरच्या बाजूला आहे, त्यामुळे बाक स्थिर झाल्यावर आणि सोनोग्राफीत कॅल्शियम नसेल तर हा विषय डॉक्टरांकडे जरूर काढा.

त्वचेच्या वणावर अजून तीन गोष्टी करतात ज्या इथे निव्वळ धोक्याच्या आहेत. लेसर: केलॉइडवर वापरला जाणारा रंजकद्रव्याचा लेसर त्वचेतल्या रक्तवाहिन्यांपुरता काम करतो. तो एखाद-दीड मिलिमीटरच खोल जातो, आणि जास्त खोल जाणारा लेसर वापरला तर वाटेत नसा आहेत. द्रव नायट्रोजनने गोठवणं: तेच कारण. किरणोपचार: केलॉइड कापून काढल्यावर तो पुन्हा वाढू नये म्हणून देतात, पण पेरोनीत देऊ नये असं मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. कोणी तुम्हाला यातलं काही सुचवलं तर तिथून उठून या.

आणि तरीही त्वचेकडून शिकलेली एक गोष्ट पेरोनीत फार उपयोगी ठरली आहे. तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगावंसं वाटतं, कारण ती रुग्णांना सांगितलीच जात नाही. भाजलेल्या रुग्णाला महिनोन् महिने घट्ट दाबाचे कपडे घालायला लावतात, सांधा आखडू नये म्हणून आधार बांधून तो ताणून ठेवतात. वणाची ऊती यांत्रिक ताणाला प्रतिसाद देते. सतत, मंद, ठरावीक दिशेने ताण मिळाला की तंतुपेशी आपली वागणूक बदलतात आणि कोलॅजनचे तंतू त्या दिशेने नव्याने मांडले जातात. हा नियम त्वचेपुरता नाही, तो ट्युनिकालाही लागू आहे, आणि ताण आत पोचायला त्वचेचा अडसरही नाही. लिंग ताणून धरणारी वैद्यकीय उपकरणं याच तत्त्वावर चालतात. जुनी उपकरणं दिवसाला तीन ते आठ तास लावावी लागत, त्यामुळे बहुतेक जण कंटाळून सोडून देत. नव्या पद्धतीच्या एका उपकरणाची तुलनात्मक चाचणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. दिवसाला अर्धा ते दीड तास, तीन महिने. बाक सरासरी सुमारे १२ अंशांनी कमी झाला आणि लांबी दीड सेंटीमीटरने वाढली. उपकरण न वापरलेल्यांत दोन्हींत सुधारणा नव्हती. पेरोनीत लांबी कमी होणं हे बाकाइतकंच पुरुषांना छळतं, आणि लांबी परत देणारे उपाय मोजकेच आहेत. हा त्यातला एक.

फक्त एक ताकीद. याचा अर्थ गाठ हाताने चोळून, दाबून, पिळून काढायची असा घेऊ नका. पोटावरच्या वणाला मालिश करायला सांगतात, म्हणून इथेही जोरात मालिश करणारे भेटतात. पेरोनीची सुरुवातच बहुधा बारीकबारीक इजांमधून होते. ताठर लिंग संबंधाच्या वेळी वाकतं, वेष्टणाच्या दोन थरांमध्ये किंचित रक्त सांडतं, तिथे फायब्रिन हे रक्त गोठवणारं प्रथिन अडकून बसतं आणि भरून येण्याची प्रक्रिया थांबायचं नाव घेत नाही. चोळून तुम्ही त्याच प्रक्रियेला नवी इजा पुरवता. मोजून दिलेला मंद ताण आणि आडमुठी मालिश यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बाक सरळ करायला ताठर लिंग हाताने उलट्या दिशेने वाकवणं तर कधीच नको. कटकन आवाज आला, ताठरता एकदम गेली आणि सूज येऊन जांभळं झालं, तर वेष्टण फाटलं असं समजून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

आता महिन्यांबद्दल. त्वचेचा वण लाल, खाजरा, वाढता असतो तेव्हा औषधाला जुमानतो, आणि पांढरा पडून शांत झाला की फारसा बधत नाही, हे तुम्ही स्वतः पाहिलंय. पेरोनीतही दोन टप्पे असतात. पहिल्या, सक्रिय टप्प्यात दुखतं आणि बाक बदलत राहतो. तो साधारण सहा ते अठरा महिने चालतो. मग दुखणं थांबतं, बाक स्थिरावतो. तुम्ही सातव्या महिन्यात आहात आणि अजून दुखतंय, म्हणजे पहिल्या टप्प्यात आहात. दुखणं बहुतेकांचं, दहातल्या सुमारे नऊ जणांचं, काळानुसार आपोआप थांबतं. बाकाचं तसं नाही. काहीही उपचार न केलेल्या पुरुषांच्या एका अभ्यासात सुमारे १२ टक्क्यांचा बाक कमी झाला, ४० टक्क्यांचा तसाच राहिला आणि ४८ टक्क्यांचा वाढला. ‘थांबा, आपोआप बरं होईल’ हा सल्ला म्हणूनच मला मान्य नाही. या टप्प्यात दुखण्यासाठी साधी वेदनाशामकं, लक्ष ठेवणं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ताणउपचार सुरू करणं याला अर्थ आहे. मलमाच्या नळीवर हेच महिने खर्च झाले तर ते परत मिळत नाहीत.

शस्त्रक्रियेची घाई मात्र या टप्प्यात कोणी करायला सांगितली तर नकार द्या. आजार सुरू होऊन साधारण वर्ष झालेलं असावं आणि बाक किमान तीन ते सहा महिने स्थिर असावा, तेव्हाच ती विचारात घेतात. बाक मध्यम आणि ताठरता चांगली असेल तर विरुद्ध बाजूला टाके घालून सरळ करतात, त्यात थोडी लांबी जाते. बाक फार मोठा असेल तर गाठीवर छेद देऊन ठिगळ लावतात, त्यात लांबी वाचते पण ताठरता कमी होण्याची जोखीम वाढते. ताठरताच गोळ्यांनीही येत नसेल तर रोपण. प्लेटलेटयुक्त रक्तद्रवाची किंवा मूळ पेशींची इंजेक्शनं संशोधनाच्या बाहेर कोणी पैसे घेऊन देत असेल तर सध्या तरी घेऊ नका. शॉकवेव्हने, म्हणजे बाहेरून दिलेल्या ध्वनिलहरींच्या झटक्यांनी, दुखणं कमी होऊ शकतं, बाक होत नाही.

तुम्ही पत्नीला अजून सांगितलं नाही असं लिहिलंय, ते वाचून मी थांबलो. या आजाराच्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांमध्ये उपचार घेण्याइतकं नैराश्य आढळलं आहे. बहुतेक जण आपण काहीतरी चुकीचं केलं असं समजून आतल्या आत कुढत असतात, आणि पत्नीला वाटतं की नवऱ्याचं मन उडालं. हा संसर्ग नाही, तिला होणार नाही, कर्करोग नाही, आणि तुमच्या कुठल्या सवयीची शिक्षाही नाही. हे चार शब्द तिला सांगा. शक्य असेल तर पुढच्या भेटीला तिला सोबत न्या. दोघं मिळून आलेल्या जोडप्यांशी ‘किती बाक चालेल’ हा प्रश्न बोलणं सोपं जातं, कारण वीस-पंचवीस अंशांचा बाक असून कसलीच अडचण नसलेली जोडपीही मी पाहतो, आणि त्यांना कुठल्याच उपचाराची गरज नसते.

भेटीला जाण्याआधी घरी ताठरतेच्या वेळी दोन फोटो काढा, एक वरून आणि एक बाजूने, तारखेसह. दर दोन महिन्यांनी तसेच पुन्हा काढा. बाक वाढतोय की थांबलाय हे आठवणीवर कळत नाही, फोटोवर कळतं. मधुमेह तपासलेला नसेल तर तपासून घ्या. तळहातात किंवा तळपायात कडक गाठी लागतात का ते पाहा. डॉक्टरांना विचारा की इंजेक्शन देऊन ताठरता आणून सोनोग्राफी कधी करायची. इंजेक्शनचा किंवा शस्त्रक्रियेचा कुठलाही उपचार ठरवण्याआधी ती व्हायला हवी. घरात उरलेली सिलिकॉनची पट्टी पोटावर लावायला काही हरकत नाही.